वजनाच्या ऑपरेशनआधी एवढी वाट का बघायला लावतात, आणि त्या दिवसांत करायचं काय

"आधी आठ-दहा किलो कमी करून या, मग तारखेचं बघू." जून २०२४ मध्ये माझा धाकटा भाऊ ओपीडीतून हे ऐकून बाहेर आला आणि लिफ्टपाशीच थांबला. वय ३६, वजन १३४ किलो, शुगर, आणि घोरणं असं की पलीकडच्या खोलीत आईला जाग यायची. मला म्हणाला, "ताई, माझं मला कमी करता आलं असतं तर मी इथे कशाला आलो असतो?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑपरेशन झालं सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे जवळजवळ पंधरा महिन्यांनी, आणि त्या पंधरा महिन्यांत कळत गेलं की त्याचा प्रश्न बरोबर होता आणि डॉक्टरांचं सांगणंही बरोबर होतं, फक्त मधलं कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं.

सध्या वजन कमी करायच्या इंजेक्शनांमुळे लठ्ठपणा रोज बातम्यांत आहे, त्यामुळे ऑपरेशनबद्दल विचारणारे फोनही वाढलेत, आणि सगळ्यांचा सूर एकच, की अहो पैसे भरायला तयार आहोत तरी तारीख का देत नाहीत. मी डॉक्टर नाही, मी त्याची फाइल सांभाळणारी बहीण. जे समजलं ते सांगते, औषधगोळ्यांचं तुमच्या तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आधी हे ऑपरेशन म्हणजे काय ते

बऱ्याच जणांना वाटतं पोटावरची चरबी खेचून काढतात. ते लायपोसक्शन, ते वेगळं. हे बेरिअॅट्रिक सर्जरी, म्हणजे जठरावर किंवा जठर आणि आतडं दोन्हीवर केलेलं ऑपरेशन, चरबीला हातसुद्धा लावत नाहीत. दोन प्रकार जास्त चालतात. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. बायपासमध्ये जठराची वरची छोटी पिशवी वेगळी करून ती आतड्याला थोडं पुढे नेऊन जोडतात. दोन्हींत खाणं कमी जातंच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारी संप्रेरकं बदलतात. त्यातलं एक, घ्रेलिन, बरंचसं जठराच्या ज्या भागात तयार होतं तो भागच स्लीव्हमध्ये काढला जातो.

आणि एक आकडा सारखा कानावर येतो तो बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. भावाची उंची १.७२ मीटर, म्हणजे १३४ भागिले १.७२, परत भागिले १.७२, आलं ४५ च्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे विम्याच्या कागदात लागतो.

वाट एक नसते, दोन असतात

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि हेच सगळ्यात आधी कळायला हवं होतं. एक असते शरीराची वाट, म्हणजे ते दिवस ज्यात शरीर ऑपरेशनला तयार होतं. हे दिवस कामाचे असतात, ते कापले तर धोका वाढतो. दुसरी कागदाची वाट, म्हणजे पॉलिसी, मंजुरी, बेड, सर्जनच्या तारखा. यातून शरीराला काहीही मिळत नाही, ती फक्त वाट आहे. आम्ही दोन्ही एकात एक मिसळून टाकल्या, त्यामुळे जिथे धीर धरायचा तिथे चिडलो आणि जिथे मागे लागायला हवं होतं तिथे "होईल हो" म्हणून गप्प बसलो.

लिव्हर आणि भिजलेला साबुदाणा

"वजन कमी करून या" याचा खरा अर्थ बहुतेक वेळा "लिव्हर लहान करून या" असा असतो. हे वाक्य असंच कुणी सांगितलं असतं तर माझा भाऊ लिफ्टपाशी थांबला नसता.

लिव्हरचा डावा भाग बरोबर जठराच्या वर पसरलेला असतो. ऑपरेशन दुर्बिणीतून, चार-पाच बारीक छिद्रांतून करतात, त्यामुळे जठरापर्यंत पोचायला लिव्हर उचलून बाजूला धरावं लागतं. वजन खूप असलेल्या माणसाचं लिव्हर बहुतेकदा चरबीने फुगलेलं, जड आणि ठिसूळ झालेलं असतं. आपल्या छोट्या किचनमध्ये गॅसच्या शेगडीसमोर कुणी तांदळाची भरलेली कोठी आणून ठेवली आणि म्हणाले की आता ती न हलवता फोडणी करा, तसं सर्जनचं होतं. जोर लावून उचलायला गेलं तर लिव्हरला इजा होऊन रक्त येऊ शकतं, मग वेळ वाढतो, कधी दुर्बीण सोडून पोट उघडावं लागतं.

यावर उपाय म्हणजे ऑपरेशनआधीचे साधारण दोन ते चार आठवडे अगदी कमी कॅलरीचं, कमी पिष्टाचं खाणं, बऱ्याच ठिकाणी दिवसाला ८०० ते १००० कॅलरी, बहुतेक पातळच. लिव्हरमध्ये साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, आणि तो स्वतःच्या तीन-चार पट पाणी धरून बसतो. साबुदाणा भिजवल्यावर कसा पातेलंभर होतो तसं. खाणं कमी झालं की शरीर आधी हा साठा वापरतं, पाणी सुटतं, मग लिव्हरमधली चरबीही उतरायला लागते, आणि दोन आठवड्यांतसुद्धा लिव्हर दिसण्याइतकं लहान होतं. म्हणून शेवटच्या आठवड्यात "एका लाडवाने काय होतंय" म्हणणाऱ्या मावशीला हे साबुदाण्याचं उदाहरण द्या, आमच्याकडे चाललं.

२०१७ मध्ये इजिप्तहून विमानाने एका बाईंना मुंबईत आणलं होतं, वजन पाचशे किलोच्या आसपास, टीव्हीवर दिवसभर तेच. त्या फेब्रुवारीत आल्या आणि ऑपरेशन झालं मार्चमध्ये, मधले दिवस पातळ आहारावर वजन उतरवण्यात गेले. इतक्या तातडीच्या पेशंटलासुद्धा पहिल्या दिवशी टेबलावर घेतलं नव्हतं.

एक मात्र नीट ऐका. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नका. खाणं एकदम कमी आणि डोस तोच, तर साखर धाडकन उतरते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या तर ऑपरेशनच्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, त्या कधी ते डॉक्टरच सांगणार.

घोरणं, मशेरी आणि नळी

तपासण्यांची यादी लांब असते, सगळ्या सांगत बसत नाही, ज्यांच्यामुळे वाट लांबते त्या तीन सांगते.

पहिली झोपेची. घोरताना घसा मिटून श्वास मधेच थांबत असेल तर त्याला स्लीप अॅप्निया म्हणतात. भूल दिल्यावर घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, म्हणून हे आधी माहीत असणं जीवनमरणाचं आहे. भावाचा रिपोर्ट 'गंभीर' असा आला आणि नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं मशीन घेऊन झोपायला सांगितलं, काही आठवडे रोज. पहिले पाच दिवस त्याने ते रात्री काढून फेकलं. सहाव्या सकाळी उठून किचनमध्ये आला आणि म्हणाला, "डोकं दुखत नाहीये." तोवर त्याला माहीतच नव्हतं की सकाळी डोकं न दुखताही उठता येतं. ऑपरेशन अजून वर्षभर लांब होतं आणि फायदा सुरू झाला होता.

दुसरी तंबाखूची. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळतं, जठराला मारलेल्या पिना आणि जोड भरायला त्रास होतो, बायपासनंतर अल्सर होतो. किमान सहा आठवडे आधी बंद, आणि पुढेही बंदच. डॉक्टर विचारतात "सिगरेट ओढता का?" आणि आपल्याकडच्या बायका खरं तेच सांगतात, नाही. मशेरीचं कुणी विचारत नाही आणि मशेरी म्हणजे तंबाखू हे त्यांच्या मनातही येत नाही, ते तर दात घासणं. मशेरी, गुटखा, तपकीर, सगळं सांगा.

तिसरी एन्डोस्कोपी, तोंडातून नळी घालून जठर आतून बघतात. हेलिकोबॅक्टर नावाचे जंतू सापडले तर बहुतेकदा चौदा दिवस अँटिबायोटिक आणि मग परत तपासणी, म्हणजे महिना-दीड महिना इथेच गेला. शिवाय आम्लपित्त फार वर येत असेल तर स्लीव्हने ते वाढू शकतं, अशा वेळी सर्जन बायपासकडे वळतात. म्हणजे कुठलं ऑपरेशन करायचं हेच त्या नळीवर ठरतं.

याबरोबर रक्तातलं व्हिटॅमिन डी, बी-१२, लोह बघतात. इतक्या वजनाच्या माणसाला कसली आलीये कमतरता असं आईला वाटलं, पण पोट भरणं आणि पोषण मिळणं वेगळं, भावाचं बी-१२ फार कमी निघालं. हे आधीच भरून काढायचं, कारण नंतर खाणं कमी आणि शोषणही कमी, गोळ्या जन्मभर.

कागदाची वाट

इथे मात्र धीर बाजूला ठेवा.

विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या २०१९ मधल्या नियमाप्रमाणे वजनाच्या ऑपरेशनचा खर्च वगळायची मुभा कंपनीला आहे, पण काही अटी पूर्ण झाल्या तर तो या कारणाने वगळता येत नाही. वय किमान १८, डॉक्टरांचा सल्ला, ऑपरेशनला वैद्यकीय मार्गदर्शक नियमांचा आधार, आणि बीएमआय ४० किंवा जास्त. बीएमआय ४० नसेल पण ३५ किंवा जास्त असेल तर सोबत हृदयाचा आजार, गंभीर स्लीप अॅप्निया किंवा आटोक्यात न येणारी शुगर यातलं काहीतरी, आणि साधे उपाय करून ते फसलेले असणं. याच्यावर पॉलिसीचा स्वतःचा वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून जितका काळ तो खर्च मिळत नाही तो, दोन-तीन वर्षांचा असू शकतो. आधीपासूनच्या आजारांसाठी एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा जास्तीत जास्त ३६ महिने केली आहे, आधी ४८ होती. भावाचा वेटिंग पिरियड जुलै २०२५ मध्ये संपत होता, हे आम्हाला कळलं सगळ्या तपासण्या झाल्यावर. पहिल्याच आठवड्यात पॉलिसी वाचली असती तर काही महागड्या तपासण्या दोनदा कराव्या लागल्या नसत्या, कारण रिपोर्ट जुने झाले म्हणून परत मागितले.

डॉक्टर हो म्हणतात आणि विमा नाही म्हणतो असंही होतं, त्याचं कारण दोघांची मोजपट्टी वेगळी. ४० आणि ३५ ही रेघ १९९१ मध्ये अमेरिकेत आखलेली. सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये ती खाली आणली, आणि आशियाई लोकांना कमी वजनातच शुगर-बीपी होतं म्हणून त्यांच्यासाठी २७.५ पासूनच विचार करा म्हणून सांगितलं. विम्याचा कागद अजून जुन्या रेघेवर आहे.

म्हणून पहिल्या दिवसाचं वजन आणि उंची तारखेसकट हॉस्पिटलच्या कागदावर लिहून घ्या. ऑपरेशनआधीच्या आहाराने बीएमआय ४० च्या खाली गेला तर क्लेम अडेल का ही भीती सगळ्यांना असते, तर कंपनी कुठल्या दिवसाचा बीएमआय धरते ते ईमेलवर विचारा, फोनवर नाही. डाएटिशियनच्या चिठ्ठ्या, जिमच्या पावत्या, जुने शुगरचे रिपोर्ट टाकून देऊ नका, "साधे उपाय फसले" याचा तोच पुरावा. भावजयीने २०१९ ची एका डाएट सेंटरची पावती पोळपाटाखालच्या खणातून शोधून काढली आणि ती कामाला आली. नकार आला तर तो लेखी घ्या, आधी कंपनीकडे तक्रार करा, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑफिस आहे, फी लागत नाही.

"नंतर मिळणार नाही, आत्ता खाऊन घेतो"

वाट बघताना सगळ्यात मोठा खड्डा हाच. भावाचं वजन पहिल्या पाच महिन्यांत कमी झालंच नाही, दिवाळीनंतर १३७ भरलं. दर रविवारी मिसळ, कारण "आता शेवटचीच". अशा शेवटच्या मिसळी मी अकरा मोजल्या आणि मग मोजणं सोडलं, कारण तो खादाडपणा नव्हता, ते निरोप घेणं होतं. त्याला खरंच वाटत होतं की आपलं सगळं खाणं कायमचं सुटणार.

डाएटिशियन मॅडमनी एका वाक्यात सोडवलं. म्हणाल्या, "अहो, काही महिन्यांनी मिसळ खाल तुम्ही, वाटीभर खाल." ऑपरेशननंतर पातळ, मग मऊ, मग नेहमीचं अन्न असं हळूहळू परत येतं, फरक मापाचा. ज्याचा निरोप घ्यायचाच नाही त्यासाठी अकरा रविवार कशाला घालवायचे.

त्याऐवजी रंगीत तालीम सुरू केली. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी नाही आणि अर्धा तास नंतर नाही. आपल्याकडे ताटाशेजारी तांब्या-भांडं हवंच, त्यामुळे हेच सर्वात जड गेलं, आईने शेवटी तांब्या टेबलावरून उचलून फिल्टरपाशी ठेवला. चमचा लहान मुलाचा. आधी डाळ, पनीर, अंडं, मोड आलेले मूग, मग भाजी, पोळी शेवटी, कारण नंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जावं लागतं आणि जागा तर वाटीभरच. आणि चावणं. पाव पोळी, प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा, मोबाईलवर टायमर. पहिल्या दिवशी ती पाव पोळी चार मिनिटांत संपली, महिन्याने तिलाच सतरा मिनिटं लागायला लागली, आणि समोर बसलेल्या त्याच्या सात वर्षांच्या मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही मोजता का?" मग तीही मोजायला लागली.

"वजन उतरतंयच की, मग ऑपरेशन कशाला?"

हा प्रश्न घरातली मोठी माणसं विचारणारच, तोंड आवर म्हणजे झालं असंही म्हणणार. त्यांना इमारतीवरच्या टाकीचं उदाहरण द्या. टाकीत तरंगणारा फ्लोट असतो, पाणी खाली गेलं की पंप आपोआप सुरू. शरीरातही तसंच आहे, वजन उतरलं की भूक वाढते आणि शरीर कमी ऊर्जेत काम भागवायला लागतं. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी परत तपासलं, २०१६ मध्ये ते छापून आलं, तर त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सरासरी ५०० कॅलरी कमी जाळत होतं आणि बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. ती माणसं आळशी नव्हती, पंप चालू होता. ऑपरेशन तो फ्लोट खालच्या पातळीवर बसवतं, म्हणजे पाणी खाली गेलं तरी पंप लगेच सुरू होत नाही. वाट बघताना उतरलेले दहा किलो टिकवायला ऑपरेशन लागतं, हे आमच्या आईला टाकीमुळे पटलं.

इंजेक्शनं आली आहेत ना आता?

आली आहेत, मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये भारतात आलं, आणि ती चांगली औषधं आहेत, नावं ठेवायचं काही कारण नाही. काही डॉक्टर वाट बघण्याच्या काळात तीच देतात. पण बंद केली की बरंचसं वजन परत येतं, म्हणजे खर्च लांबचा, आणि फार जास्त वजन असेल तर ऑपरेशनने साधारण जास्त उतरतं. कुणाला काय हे डॉक्टरांनी ठरवायचं. चालू असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं विसरू नका, या औषधांनी जठर हळू रिकामं होतं आणि भुलीत पोटातलं फुफ्फुसात जायचा धोका असतो.

"दुसरीकडे पुढच्याच आठवड्याची तारीख देतात"

आम्हालाही दिली होती, कुठे ते लिहीत नाही. चांगल्या केंद्रात या ऑपरेशनने जीव जाण्याचं प्रमाण हजारात एक-दोनच्या आसपास आहे, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास, पण ते नीट तयारी केलेल्या पेशंटचं. मी फोनवर तीनच गोष्टी विचारल्या, झोपेची तपासणी कधी करणार, डाएटिशियन कोण आणि ऑपरेशननंतर वर्षभर कोण बघणार. पलीकडून पॅकेजची किंमत परत सांगितली. भावाने स्वतःच फोन ठेवायला सांगितला.

मन खचतं त्याचं काय

खचतं, आणि ते कुणी लिहीत नाही. ऑफिसात सांगावं का नाही, लग्नकार्यात लोक "अजून नाही झालं का" विचारतात, आरशात तोच माणूस. फेब्रुवारीत भावाने तीन आठवडे चालणं सोडलं, फोन उचलेना. तेव्हा कळलं की मानसोपचार तज्ज्ञांची भेट ही यादीतली एक टिकमार्क नसते. ते पास-नापास करायला बसलेले नसतात, खाणं हे कुणाचं दुःखावरचं औषध झालंय का हे त्यांना बघायचं असतं, कारण ऑपरेशननंतर ते औषध एकदम काढून घेतलं जातं आणि दारू त्याची जागा घेऊ शकते. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गेलं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि छातीत दुखणं, आडवं झाल्यावर श्वास न पुरणं, दिवसा बोलता बोलता झोप लागणं हे "ऑपरेशन झालं की बरं होईल" म्हणून थांबवायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

बायकांसाठी एक महत्त्वाचं. वजन उतरायला लागलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायला सांगतात. गर्भनिरोधक गोळ्यांचं वाट बघण्याच्या काळातच बोलून घ्या, काही गोळ्यांनी रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो म्हणून त्या आधी बंद करतात.

तारीख पुढे गेली तर

जाते. भावाची २६ ऑगस्ट ठरली होती, १२ तारखेपासून पातळ आहार, आणि चार दिवस आधी खोकला झाला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी छाती ऐकली आणि नाही म्हणाल्या, नवी तारीख ३ सप्टेंबर. त्या संध्याकाळी तो काही बोलला नाही, आणि मी मात्र पार्किंगमध्ये रडले. तारीख हलली की सगळ्यात आधी विचारायचं ते हे, की आहार असाच चालू ठेवायचा का, कारण इतकं कमी खाणं कितीही दिवस लांबवायचं नसतं. त्याला मधले दिवस थोडं मऊ खाणं वाढवून दिलं आणि श्वासाचं खेळणं दुप्पट वेळा करायला सांगितलं, ते प्लॅस्टिकचं, तीन गोळ्यांचं, नळीतून हवा ओढली की गोळ्या वर जातात. जूनमध्ये त्याची एकच गोळी कशीबशी उचलायची.

मधे २७ तारखेला गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचे. आईने मोदक केले, भावाने आरती म्हटली, भांडंभर ताक घेतलं आणि बाल्कनीत जाऊन गोळ्या ओढत बसला. मुलगी शेजारी बसून मोजत होती.

३ तारखेला वजन भरलं १२६. दुपारी सर्जन बाहेर आले, मास्क खाली करून म्हणाले, "लिव्हर छान मऊ होतं, सहज बाजूला झालं." संध्याकाळी त्याला हे सांगितलं तर डोळे मिटूनच विचारलं, "ताई, मशीन आणलंयस ना रात्रीचं?" आणलं होतं, पिशवीत फाइलच्या खालीच होतं.